डीसीआर पॅनेलची अट बेकायदा ठरली होती ना?

तुमचा प्रश्न असा: घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला सूर्यघर योजनेचं सरकारी अनुदान हवं तर डीसीआर, म्हणजे देशी सेलचेच (सेल म्हणजे उन्हापासून वीज करणारे पॅनेलमधले तुकडे) पॅनेल लावा, असं विक्रेता सांगतो, पण जागतिक व्यापार संघटनेने २०१६ मध्येच ही अट बेकायदा ठरवली होती ना?

ठरवली होती. पण कोणती, ते बघा. २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सरकार प्रकल्पवाल्यांकडून २५ वर्षं ठरल्या दराने वीज घेणार होतं आणि त्यासाठी सेल आणि मॉड्यूल, म्हणजे सेल जोडून केलेले पॅनेल, भारतीय असण्याची अट होती. २०१३ मध्ये अमेरिकेने तक्रार केली. भारत म्हणाला, ही सरकारी खरेदी आहे, तिला देशी-परदेशी मालाला समान वागणुकीचा नियम लागत नाही. संघटनेच्या अपील मंडळाने एवढंच पाहिलं की सरकारने विकत काय घेतलं? वीज. भेदभाव कशात केला? सेलमध्ये. वस्तू वेगळ्या, म्हणून सूट मिळाली नाही.

मला खरं लागलं ते पुढचं. भारताने रिओ जाहीरनामा आणि १९९२ चा हवामान करार पुढे केला. त्यावर उत्तर मिळालं की हे देशात कायद्यासारखे थेट लागू होत नाहीत, तेव्हा 'कायद्याचं पालन' हा बचाव टिकत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसला भारत आणि फ्रान्सने आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली आणि तीनच महिन्यांत, अपिलाच्या आधी, संघटनेच्या तंटा समितीचा अहवाल भारताविरुद्ध आला! सौरऊर्जा वाढवा म्हणायचं आणि सेलचा कारखाना उभा राहीपर्यंत आधार द्यायची मुभा ठेवायची नाही, हे मला मान्य नाही. मुदत घालून का होईना, व्यापाराच्या नियमांत ती सवलत यायलाच हवी.

नंतर अमेरिकेतल्या राज्यांच्या तशाच योजनांवर भारताने खटला लावला आणि २०१९ मध्ये बहुतेक मुद्दे जिंकला. अमेरिका अपिलात गेली, पण त्याच डिसेंबरपासून अपील मंडळात पुरेसे सदस्यच नाहीत. २०२३ मध्ये तडजोडीने दोन्ही खटले मिटले.

आता तुमचं छप्पर. सरकारी कंपन्यांसाठीच्या १२,००० मेगावॉटच्या योजनेत वीज सरकारी वापरासाठी असते, म्हणून तिथली देशी मालाची अट नियमात बसवता येते. सूर्यघरमध्ये पॅनेल तुम्ही घेता, सरकार पैसे देतं. माझ्या मते व्यापार नियमांच्या कसोटीवर ही अट कच्ची आहे. पण असा आक्षेप दुसऱ्या देशानेच घ्यायचा असतो, ग्राहकाला त्याचा उपयोग नाही. तीन किलोवॉटचे ७८,००० रुपये हवे असतील तर डीसीआरच लागेल. ही अट अनुदानाची आहे.

एक मात्र सांभाळा. माझ्याकडे पॅनेल उतरले तेव्हा मागच्या स्टिकरवर 'मेड इन इंडिया' स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद मागितले तर सेल आयात केलेले निघाले, इथे फक्त जुळणी झालेली. तो माल डीसीआर होत नाही. सेलचं प्रमाणपत्र मागा, प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक त्याच्याशी ताडून बघा आणि मगच माणसांना शिडी लावू द्या.