कोकणातले गावरस्ते दर पावसाळ्यात का उखडतात? काँक्रीट हाच उपाय आहे का?

तुमच्या गावचा तीन किलोमीटरचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो, काँक्रीट करावं का, असं तुम्ही विचारलंत. ‘कोकणात पाऊसच एवढा, डांबर टिकणार कसं’ हे वाक्य तुमच्या प्रश्नातच आलंय, म्हणून लिहायला बसलो. ठेकेदारांकडून, रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांकडून आणि बिलावर सही करणाऱ्या सरपंचांकडूनही हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कबूल. पण वरून पडून वाहून गेलेलं पाणी चांगल्या डांबराचं फारसं वाकडं करत नाही. रस्ता खातं ते साचलेलं आणि खालून शिरलेलं पाणी.

कारपेटच्या, म्हणजे वरच्या डांबरी थराच्या, बारीक भेगेतून पाणी खालच्या खडीत उतरतं. खडीच्या थराला बाजूने वाट नसेल तर तिथेच बसतं. वरून चिऱ्याने (जांभ्या दगडाने) भरलेला डंपर गेला की चाकाखाली ते पाणी दाबलं जातं, खडीवरचं डांबर सोलून निघतं आणि खालची माती भेगेतून वर येते. भेगेभोवती लाल चिखलाचा डाग दिसला की खड्डा ठरलेला. तो डाग दिसतो तेव्हाच भेग भरली तर काम स्वस्तात होतं, पण डागासाठी निधी मिळत नाही, खड्ड्यासाठी मिळतो.

तुमच्या तीन किलोमीटरवर आधी उतार तपासा. गावरस्त्याचं डांबर बहुधा ३.७५ मीटर रुंद असतं. मधोमध उंच आणि दोन्हीकडे अडीच टक्के उतार धरला तर कडेपेक्षा मध्य साधारण ४.७ सेंमी वर हवा. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या, मध्यावर एक टोक, कडेला दुसरं, फरक पट्टीने मोजा. दोन सेंमीच भरला तर तिथे पाणी थांबतंच. वळणावर मात्र मध्य उंच नसावा, सगळा रस्ता वळणाच्या आतल्या बाजूला एकसंध कललेला हवा.

मग साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची पट्टी. ती डांबरापेक्षा खाली आणि डांबरापेक्षा अर्धा टक्का तरी जास्त उताराची हवी. आपल्याकडे दरवर्षी गवत, माती, पालापाचोळा साचून ती डांबराच्या वर येते आणि रस्त्याचाच पाट होतो. याच्या उलट, थरावर थर चढवून साईडपट्टी तशीच सोडली की कडेला वीतभर पायरी पडते. समोरून एसटी आली की दुचाकीवाला खाली उतरतो, आणि पुन्हा वर चढताना पुढचं चाक त्या कडेला घासून आडवा होतो. पोलिसांच्या कागदावर त्याचं कारण ‘भरधाव’ असं लागतं.

गटाराचा तळ खडीच्या थराच्या तळापेक्षा खाली हवा, निदान २०० मीटरला १ मीटर उतार हवा. आणि इथे ठेकेदाराला शिव्या देण्याआधी वाडीतून एक चक्कर मारा. कोणी गडगा (दगडी कुंपण) पुढे सरकवलाय, कोणी घराकडे गाडी नेण्यासाठी गटारावर भराव टाकून खाली चार इंची पाइप घातलाय. पहिल्या पावसात त्या पाइपात आंब्याची पानं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली की वरच्या सगळ्या घरांचं पाणी रस्त्यावर. पाइप नकोच. उचलता येईल अशी फरशी किंवा लोखंडी जाळी टाका, म्हणजे मृगाआधी साफ करता येतं.

आता ज्या भांडणामुळे मला हा प्रश्न झोंबला ते सांगतो. घाटातल्या एका रस्त्याचं एक वळण. डोंगर आत वळतो, वरून व्हाळ (ओढा) येतो आणि मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या वाटेतून, दरीत जातो, अशी नाळेतली जागा. तिथे दरवर्षी सत्तर-ऐंशी मीटर डांबर उखडायचं, दरवर्षी तिथेच पॅच मारला जायचा. माझं म्हणणं होतं की मोरी बघा. नाळेतल्या वळणावर डोंगर बाहेरच्या बाजूला असतो आणि रस्ता दरीकडे कललेला असतो. त्यामुळे मोरी तुंबली की डोंगराकडच्या गटारातलं पाणी रस्ता ओलांडूनच जातं, त्याला दुसरी वाट नसते. (डोंगराचं नाक वळसा घालून जाणाऱ्या वळणावर उलटं असतं, तिथे सगळं पाणी डोंगराकडच्या गटारात येतं आणि ते गटारच सांभाळायचं.) साहेबांचं म्हणणं, पाऊसच जास्त, काँक्रीट करून टाका, कटकट मिटेल.

काँक्रीट झालं. मोरीला कोणी हात लावला नाही, अंदाजपत्रकात ती बाबच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात पाणी काँक्रीटवरून वाहत खालच्या टोकाला गेलं आणि काँक्रीट संपून डांबर सुरू होतं त्या सांध्यात शिरलं. श्रावण सरायच्या आत तिथे आडवा खड्डा, वर काँक्रीटची धारदार कड. आधी खड्डे होते, आता खड्डा आणि पायरी. शिवाय दरीकडच्या कडेखालची माती धुपून स्लॅबचा कोपरा अधांतरी राहिला आणि तडकला. तेव्हाही साहेबांचं उत्तर तेच, पाऊस. शेवटी मोरीच्या तोंडाशी सव्वा मीटर खोल कुंडी बांधली, वर तिरक्या सळ्यांची जाळी लावली, दरीकडे पाणी पडतं तिथे दगडांचा बिछाना घातला आणि सांधा तोडून नव्याने भरला. मग तो पॅच टिकला. या कामाचा खर्च काँक्रीटच्या तुलनेत किरकोळ होता. कुंडी का? व्हाळाबरोबर येणारे जांभ्याचे धोंडे आणि पाला तिथे बसतात, मोरीत जात नाहीत. ती मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर उपसावी लागते. हे काम कोणाला तरी नेमून दिलेलं नसेल तर कुंडी बांधूनही उपयोग नाही.

आता खड्डा. आधी काय करू नये. चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम टाकू नका, डंपरखाली त्याचं पीठ होतं आणि पावसात त्याच पिठावरून दुचाकी घसरते. सुटे पेव्हर ब्लॉकही नकोत. एक निघाला की शेजारचे निघतात आणि रस्त्यात पडलेला तो ब्लॉक खड्ड्यापेक्षा वाईट.

खड्डा चौकोनी कापा, कडा उभ्या. घट्ट थर लागेपर्यंत आतलं सगळं सुटं काढा. तळाला चिखल लागला तर चिखल काढून खडी भरून धुम्मसाने ठोका, चिखलावर डांबर ठेवू नका. झाडूने, जमल्यास कंप्रेसरने धूळ काढा. मग तळाला आणि चारही कडांना ब्रशने इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हात, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. ६० सेंमी लांब-रुंद आणि ७.५ सेंमी खोल खड्ड्याला कडा धरून जेमतेम १६० ग्रॅम लागतं. आमचे मुकादम डबाभर ओततात. जादा इमल्शन तळाशी साचतं, वरचा माल (डांबर-खडीचं मिश्रण) त्यावर सरकतो आणि उन्हात डांबर वर येऊन जागा गुळगुळीत होते. इमल्शन तपकिरी असताना माल टाकायचा नाही, काळं होईपर्यंत थांबायचं. काळं झालं म्हणजे त्यातलं पाणी सुटलं.

त्याच मापाच्या खड्ड्याला दाबून ६२ किलोच्या आसपास माल बसतो, म्हणजे पिशवीतलं पावसाळी डांबर घेतलंत तर २५ किलोच्या अडीच पिशव्या. एका पिशवीत भागवणारा माणूस खड्डा नुसता झाकतो. कडेकडून मध्याकडे दाबत या, शेवटी ५ मिमी वर ठेवा, वाहनांखाली तेवढं बसतं. खोल खड्डा एका दमात भरू नका, दोन थर करा. गरम माल असेल तर व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल टाकताना १४० अंशांच्या खाली नको आणि रोलिंग ९० अंशांवर असतानाच संपायला हवं. प्लांटपासून घाट चढून दोन तासांनी ताडपत्रीशिवाय आलेला डंपर परत पाठवा. ठेकेदार ओरडेल, ओरडू दे. आणि भर पावसात गरम डांबर म्हणजे निव्वळ बिल.

काँक्रीट वाईट असं मी म्हणत नाही. बाजारपेठेत, जिथे घरं चिकटून आहेत आणि रस्त्यावर पाणी वाहणारच, तिथे ते योग्य. पण साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे वेळेत कापायला हवेत, उशीर झाला की काँक्रीट स्वतःच हवं तिथे तडकतं. सांध्यात पाणी शिरू न देणारं सीलंट हवं, आणि निदान १४ दिवस पाणी मारायला हवं. गावात तिसऱ्या दिवशी त्यावरून चिऱ्याची गाडी जाते.

सुरक्षेचं तुम्ही ओझरतं विचारलंय, पण अपघात खड्ड्याइतकेच न दिसण्याने होतात. ताशी ४० किमी वेगाला थांबायला ४५ मीटर दिसावं लागतं. वळणाच्या आतल्या बाजूची झाडी त्या मापाने तोडा, गणपतीला चाकरमानी यायच्या आधी एकदा उरकायचं म्हणून नव्हे, जुलैतच. कडेची पांढरी रेघ मारून घ्या, धुक्यात आणि रात्रीच्या सरीत चालकाला तेवढाच आधार असतो. मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी आणि सावलीतलं शेवाळ वळणावर आलं की ती जागा खरवडून धुवा. शाळेसमोरचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असायला हवा. वाडीवाले वीतभर रुंद आणि तेवढाच उंच बांधतात. त्याने गाडीचा पाटा जातो, आणि चढाच्या बाजूला पाणी अडून गतिरोधकाच्या अलीकडेच पहिला खड्डा पडतो.

एक गोष्ट राहिली. रस्ता खाडीकाठच्या खाजणातून (भरतीचं पाणी येणाऱ्या खाऱ्या जमिनीतून) जात असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथली मऊ चिकणमाती भरावाच्या वजनाने वर्षानुवर्षं खचत राहते आणि भरतीला मोरीतून पाणी उलटं येतं. तिथे काँक्रीट तर मुळीच नको, तडकेल. डांबर निदान खचण्याबरोबर वाकतं आणि पुन्हा पातळीत आणता येतं. दरड येणारा उतार असेल तर तेही काम वेगळं, ते श्रमदानाने होत नाही.

श्रमदान करायचंच असेल तर गटारं, साईडपट्ट्या आणि मोऱ्यांचं करा, मेअखेर. डांबर ज्याचं त्याला करू दे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, फलकावरची काम संपल्याची तारीख बघून ठेवा. पहिल्या धो-धो सरीत छत्री घेऊन तीनही किलोमीटर चाला, पाणी जिथे रस्त्यावर चढतं किंवा रस्ता ओलांडतं तिथे फोटो काढा, मोबाईलवर जागेची खूण ठेवा आणि ती यादी अर्जाला जोडा. पुढच्या ग्रामसभेत काँक्रीटचा ठराव आला तर आधी अंदाजपत्रक मागा. त्यात गटार आणि मोरीची बाब नसेल तर हात वर करू नका, मग साहेब पावसाबद्दल काहीही सांगोत.