नवी केबल घेऊन मॉनिटरचे रेझोल्यूशन वाढेल का?

तुमचा मॉनिटर २५६० × १४४० चा असूनही २०१२ च्या लॅपटॉपच्या एचडीएमआयवरून तो १९२० × १०८० च्या पुढे जात नाही आणि दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल सुचवतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती घेऊ नका.

असाच छातीठोक सल्ला देणाऱ्या एका तंत्रज्ञांशी माझा कार्यालयात वाद झाला होता. नव्या ३० इंची मॉनिटरवर २५६० × १६०० ऐवजी जेमतेम १२८० × ८०० दिसत होते आणि ‘ग्राफिक्स कार्ड कमकुवत आहे, नवे घ्या’ असा निर्वाळा त्यांनी संगणक न उघडताच दिला. मी मॉनिटरची डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची जोडणी) केबल काढून तिचे टोक उजेडात धरले. ड्युअल-लिंक, म्हणजे दुहेरी मार्गाच्या, केबलला आठ-आठच्या तीन ओळींत २४ पिना असतात. या केबलच्या मधल्या सहा पिना मुळातच नव्हत्या, म्हणजे ती सिंगल-लिंक, एकाच मार्गाची, होती. सिंगल-लिंकचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग, १६५ मेगाहर्ट्झवर थांबतो. १९२० × १२०० ला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र) १५४ पुरतात, २५६० × १६०० ला मात्र सुमारे २६८ लागतात. मॉनिटरच्या खोक्यातली, कोणी न उघडलेली केबल जोडताच पूर्ण चित्र आले; त्यावर तंत्रज्ञ म्हणाले, ड्रायव्हर आपोआप सुधारला असेल!

एचडीएमआयची सुरुवातही १६५ वरच झाली. २००६ च्या १.३ आवृत्तीने ती मर्यादा ३४० वर नेली. तुमच्या मॉनिटरला ६० हर्ट्झवर सुमारे २४१ हवेत. पण आवृत्तीने दिलेली मुभा प्रत्येक चिप वापरतेच असे नाही; इंटेलच्या त्या काळातल्या आयव्ही ब्रिज चिपचे एचडीएमआय २२५ वरच थांबते. तुमच्या लॅपटॉपमध्ये तीच असेल, तर केबल कितीही भारी घेतली तरी २४१ मिळणार नाहीत. लॅपटॉपला मिनी डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा दुसरा पोर्ट) असेल तर सरळ तो वापरा. नसेल तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झवर आणून पाहा. माउस अडखळल्यासारखा वाटेल, पण वाचन-लेखन निभेल.

केबलचा दोष कधीच नसतो, असे मात्र मी म्हणत नाही. लांब किंवा सुमार केबलने चित्र लुकलुकते, ठिपके उडतात, पडदा मधेच काळा होतो. पण त्यावर उपाय म्हणजे आखूड, धड केबल; आणि हव्या त्या रेझोल्यूशनचा पर्याय यादीतच नसेल, तर आधी पोर्ट आणि ॲडॉप्टरची मर्यादा तपासावी, कार्ड बदलायची भाषा त्यानंतर करावी.