पे-आउट अडवलाय म्हणून आयपीएफमधून भरपाई मिळेल का?

तुम्ही विचारलंय की ब्रोकर तीन आठवडे पे-आउट, म्हणजे त्याच्याकडचे तुमचे पैसे, देत नाहीये, वर न विचारता शेअर्स विकलेत, तर एक्सचेंजच्या इन्व्हेस्टर प्रोटेक्शन फंडातून (आयपीएफ) भरपाई मिळेल का. आत्ता नाही मिळणार. हा फंड भांडण मिटवायला नाहीये, एक्सचेंजने ब्रोकरला डिफॉल्टर (देणी बुडवणारा) जाहीर केलं किंवा काढून टाकलं की मगच तो उघडतो.

तुमचा ब्रोकर अजून चालू आहे ना, मग रस्ता वेगळा. आधी ब्रोकरच्या तक्रारीच्या मेलवर लेखी कळवा, फोनवर बोललेलं काही कामाचं नाही. तिथे समाधान झालं नाही तर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर टाका, तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तरी अडलं तर स्मार्ट ओडीआर हे ऑनलाइन तंटा सोडवायचं पोर्टल, म्हणजे आधी समेट आणि नाही जमलं तर लवाद.

आता फंडाचं. कार्वी या ब्रोकरचं आठवत असेल, क्लायंटचे शेअर्स गहाण टाकून पैसे उचलले होते, सेबीचा आदेश आला २२ नोव्हेंबर २०१९ ला आणि एनएसईने डिफॉल्टर जाहीर केलं ते २३ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे मध्ये अख्खं वर्ष गेलं. ८२ हजारांवर लोकांचे शेअर्स एनएसडीएलने (डीमॅट शेअर्स सांभाळणारी डिपॉझिटरी) डिसेंबर २०१९ मध्येच परत त्यांच्या खात्यात वळते केले ते बरं झालं, पण ज्यांचे पैसे अडकले ते दावे भरत बसले, आणि त्या वेळी एनएसईची मर्यादा माणशी २५ लाख होती. त्यापेक्षा जास्त रक्कम अडकली असेल तर वरच्या पैशांना फंडाचा आधार नाही.

आणि दावा केला म्हणजे मिळालाच असं नाही, कागद लागतो. आमच्या काकांचा ब्रोकर बुडाला (छोटा होता, नाव नको), त्यांनी बँकेतून ब्रोकरच्या क्लायंट खात्यात टाकलेल्या पैशांचा दावा मंजूर झाला कारण लेजर (ब्रोकरकडचा खात्याचा हिशोब), बँक स्टेटमेंट आणि कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) तिन्हीत रकमा जुळत होत्या. पण सब-ब्रोकरने "महिन्याला दोन टक्के फिक्स देतो" म्हणून स्वतःच्या नावाने जो चेक घेतला होता तो गेला तो गेलाच, खात्रीशीर परताव्याचे असे खाजगी व्यवहार फंडात बसतच नाहीत. काकू तो चेकचा अर्धा फाटलेला काउंटरफॉइल अजून डब्यात ठेवून आहेत. ट्रेडमध्ये झालेला लॉसही फंड भरून देत नाही, कुणी तसं सांगत असेल तर खोटं आहे.

तुमच्या मोबाईलवर एक्सचेंजचा मेसेज येतो ना, ब्रोकरने तुमचा फंड आणि शेअर्सचा बॅलन्स इतका इतका कळवलाय म्हणून, तो आपण सगळे न वाचता उडवतो. जुने मेसेज शोधा आणि लेजरशी ताडून बघा. आकडे वेगळे निघाले तर तक्रारीत तीच पहिली ओळ लिहा. शेअर्स विकल्याचं तुमच्या डिपॉझिटरीच्या, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या स्टेटमेंटवर कुठल्या तारखेला दिसतंय तेही बघा, ते ब्रोकरच्या हातात नसतं.

आणि हे सगळं आज रात्रीच डाउनलोड करा, लॉगिन चालू आहे तोवर. काकांच्या ब्रोकरचं बॅक ऑफिस (हिशोब बघायची वेबसाइट) एका शुक्रवारी बंद पडलं ते परत उघडलंच नाही, नशिबाने लेजरची प्रिंट आधीच काढून ठेवली होती.