डोंगरातला रस्ता, नदीकाठ आणि पळणं: वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातली हिरवाई जेमतेम तीन-चार महिने टिकते. तेवढ्यात घाट, टेकड्या, नदीचे काठ पळून घ्यावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. मीही त्या दिवसांत शहराबाहेर पळायला जातो. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून दर पावसाळ्यात माझ्याकडे तीच दुखणी येतात आणि पत्रांतही तोच गोंधळ असतो. रस्ता निवडताना जाताना काय दिसेल हे सगळे विचारतात. परत येताना पायाखाली काय असेल, ऊन कुठल्या बाजूनं असेल, हे कोणी विचारत नाही.

मराठवाड्यात पळायला सगळ्यात सुंदर रस्ता कोणता? (छत्रपती संभाजीनगर)

माझ्या मते खुलताबादहून म्हैसमाळला चढणारा, श्रावणात, सकाळी. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे आणि म्हैसमाळ हजाराच्या वर, त्यामुळे पळण्याची ही सुरुवात नव्हे. आधी सहा महिने सपाटीवर पळा.

दुकानात पायाचं स्कॅनिंग करून बारा हजारांचे ट्रेल शूज घ्यायला सांगितलं. घेऊ का? (लातूर)

नको. उभ्या पायाच्या स्कॅनवरून पळताना दुखापत होईल की नाही हे कळत नाही. ते रंगीत चित्र बूट विकण्यासाठी असतं. ज्या बुटात दहा मिनिटं सहज पळता येतं आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते, तो तुमचा. ट्रेलचे दाते चिखलाच्या पायवाटेसाठी असतात, डांबरी घाटावर ते लवकर झिजतात. पायाला खरोखर बाक किंवा जुनं दुखणं असेल तर आधी तपासून घ्या, मग दुकानात जा.

दर रविवारी मित्र मला गाडीनं खुलताबादला सोडतो आणि मी घाट उतरून दौलताबादपर्यंत पळत येतो. चढ नसल्यानं दम लागत नाही, समोर किल्ला दिसतो. महिन्यापासून जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. ऑफिसात सगळे म्हणतात, पळल्यानं गुडघे झिजतात. पळण्याआधी एक दुखण्याची गोळी घेतो. वय ३४. (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण अशी चूक करणारे तुम्ही एकटे नाही.

पळल्यानं गुडघे झिजतात, हे ऐकून ऐकून मी थकलो आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेनं पळणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, बैठ्या लोकांत सुमारे १०. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत मात्र ती १३ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे तुमच्यासारख्यानं पळणं सोडायचं कारण नाही. तुमचं दुखणं उताराचं आहे.

चढावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर तोच स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि वाटीवरचा दाबही वाढतो. हृदय-फुप्फुसांना याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून दम लागत नाही. दम लागत नाही म्हणजे सोपं आहे, असं तुम्ही धरून चाललात. उतारावर दमाकडे बघून पल्ला ठरवताच येत नाही. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलतात, आणि तोवर आपण मित्रांना पुढच्या रविवारचं कबूल केलेलं असतं.

शरीर उताराला सरावतं, हेही खरं. एकदा थोडा उतार सोसला की पुढचे काही आठवडे त्याच उतारानं कमी दुखतं. पण तो थोडाच हवा. पहिल्या वेळी उताराचा एकूण पल्ला एक किलोमीटरच्या आत ठेवा, मग दर आठवड्याला किंचित वाढवा. माझा साधा नियम असा की जेवढं स्वतः चढलात तेवढंच उतरा. गाडीनं वर जाऊन पळत खाली येणं बंद करा. पावलं आखूड आणि भरभर टाका, टाच लांब पुढे आपटू नका. तीव्र वळणावर सरळ चाला. दौलताबादची जुनी वेस आणि घाटाची वळणं रविवारी वाहनांनी भरलेली असतात, तिथं कानात गाणी लावून उतरणं जिवावरचं आहे.

आता गोळी. ती आजच थांबवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या घामानं पाणी कमी झालेल्या अंगात किडनीला जाणारा रक्तपुरवठा घटवतात. उतारानं स्नायू फुटून रक्तात उतरलेले घटकही किडनीलाच गाळावे लागतात. ऊन, उतार आणि गोळी एकत्र आले की मला खरी भीती वाटते. पळून आल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या दगडासारख्या लागल्या, तर वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा. शिवाय गोळीनं दुखणं जात नाही, फक्त कळेनासं होतं, आणि तुम्ही त्याच गुडघ्यावर पुढचा घाट उतरता.

महिना तुम्ही घालवलाच आहे. आता दोन आठवडे उतार पूर्ण बंद ठेवा. सपाटीवर दुखत नसेल तर पळा. पण येत्या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवा. पट्टा बांधून, तेल चोळून आणखी महिना काढू नका.

गोदावरीच्या घाटांवरून सकाळी पळतो. पाणी ओसरल्यावर किती दिवसांनी परत जावं? (नांदेड)

पायऱ्यांवरचा गाळ धुऊन, वाळून जाईपर्यंत नाही. ओल्या गाळाखालचा दगड साबणासारखा असतो. दुसरं म्हणजे नांदेडमध्ये लख्ख ऊन असलं तरी पाणी वाढू शकतं, कारण विष्णुपुरी धरणाचे दरवाजे वरच्या भागातल्या पावसानं उघडतात. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी काठ सोडून रस्त्यानं पळा. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून गेला असाल आणि आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर पुराच्या पाण्यातून गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची शंका त्यावरूनच येते.

पोलीस भरतीची तयारी करतोय. बिंदुसरा नदीच्या बाजूच्या डांबरी रस्त्यावर रोज पळतो. सहा आठवड्यांपासून उजवी नडगी दुखते. सर म्हणतात मिठाच्या पाण्याचा शेक दे, पळूनच दुखणं मोडतं. वय २१. (बीड)

पळणं आज थांबव. नडगीवरून बोट फिरवून बघ. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर एक गोष्ट. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट टेकताच कळ जात असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला तरी तडा नाही असं होत नाही. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. असा तडा पळून मोडत नाही, हाड मात्र मोडतं. मैदानी चाचणीतले १६०० मीटर एका भरतीत हुकले तर पुढच्या भरतीला उभं राहता येतं. सरांना तपासणीचा कागद दाखव आणि बरा झाल्यावरही काही दिवस मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरच पळ.

घरी केलेलं मीठ-साखरेचं पाणी चालेल की दुकानातलंच हवं? (धाराशिव)

घरचं चालेल. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. ओआरएसच्या नावानं खोक्यांतून विकली जाणारी गोड पेयं घेऊ नका. असं नाव वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ किती ते डॉक्टरांना विचारूनच.

पैठणला नाथसागराच्या बाजूनं हिवाळ्यात पळायला सुरुवात करायची आहे, पक्षीही दिसतात. वय ५७, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. (पैठण)

आधी ईसीजी, पायांची संवेदना आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मग बूट. तोवर रोज अर्धा तास चाला. खिशात साखर ठेवा.

अंबाजोगाईत पहाटे पाचला मुकुंदराजांच्या समाधीकडे पळायला जाते. तीन दिवसांपूर्वी कुत्र्याचे दात पोटरीला लागले, खरचटलं, रक्त आलं नाही. सासूबाईंनी मिरचीपूड लावली. इंजेक्शन लागेल का? (शिक्षिका, अंबाजोगाई)

हो, आणि तीन दिवस आधीच लागत होतं. कुत्रं ओळखीचं होतं, रक्त आलं नाही, ही कारणं रेबीजपुढे चालत नाहीत. एकदा लक्षणं दिसू लागली की त्यावर उपाय उरत नाही. मिरची, चुना, हळद काही लावायचं नसतं. चावल्या क्षणी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं असतं. आताही धुवा आणि आजच स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा, मधला एकही चुकवू नका.

त्या वाटेवर उजाडल्यावरच जा. खडकाळ, झुडपांच्या जागी फुरसं हा विषारी साप असतो, आणि अंधारात तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.