अबलख घोडा लावल्यास अंगभर ठिपक्यांचे शिंगरू मिळते का?

आपली घोडी कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीची तांबूस-तपकिरी, असून एका व्यापाऱ्याने ‘आमचा अबलख (मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा) घोडा लावा, बिबट्यासारख्या ठिपक्यांचे शिंगरू मिळेल’ अशी हमी दिली आहे, ती खरी मानावी का, असे आपण विचारले आहे. मानू नये. अबलख घोड्यापासून अबलख शिंगरू मिळू शकते, पण अंगभर गोल ठिपके त्यातून येणार नाहीत, कारण या दोन रंगांची जनुकेच वेगळी आहेत. अबलखाचे मोठे पांढरे पट्टे बहुधा टोबियानो प्रकारचे असतात आणि ते तिसऱ्या गुणसूत्राचा एक लांब तुकडा ‘किट’ या जनुकाजवळ उलटा बसल्यामुळे येतात. बिबट्यासारखे ठिपके पहिल्या गुणसूत्रावरील ‘टीआरपीएम १’ या जनुकातील बदलामुळे येतात. त्या जनुकात एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसला आहे, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

हा प्रश्न वाचून उत्तर लिहायला बसलो, त्याला कारण आमच्या घरची घोडी. आमचे गाव शहादा तालुक्यात, सारंगखेड्यापासून जवळ. वडिलांची एक कुमैत मारवाडी घोडी होती, रेवाल चालीची, म्हणजे स्वाराला न हादरवता झपाझप चालणारी, लहान मुलानेही खरारा करावा इतकी शांत. अबलखाला बाजारात भाव चांगला मिळतो म्हणून माझ्या थोरल्या काकांनी, म्हणजे आबांनी, तिला एका व्यापाऱ्याचा अबलख घोडा लावला. शिंगरू साधे कुमैत झाले. पुढच्या वेळी त्याच घोड्यापासून ती गाभण राहिल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून आबांनी तिच्या गव्हाणीसमोर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गोधडी टांगली, म्हणजे घोडीच्या डोळ्यांपुढे रोज तोच रंग राहील. तेही शिंगरू साधेच आले. ‘घोडीनी कूसच खोटी शे,’ असे म्हणून त्यांनी दत्तजयंतीच्या यात्रेत तिला विकून टाकले. वडील त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढे त्यांनी दुसरी घोडी बांधली नाही.

दोष घोडीचा नव्हता हे आबा आजही मान्य करत नाहीत, म्हणून इथे सविस्तर मांडतो. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून येते, आणि अबलख दिसायला टोबियानोची एक प्रतही पुरते. त्या अबलख घोड्याची आई साधी कुमैत होती. तिच्या चालीचे कौतुक त्याचा मालक स्वतःच आबांना ऐकवत असे. आई साधी, म्हणजे तिच्याकडून त्याला टोबियानोची प्रत मिळालेली नाही आणि त्याच्याकडे बापाकडून आलेली एकच प्रत आहे. एका प्रतीचा घोडा साध्या घोडीला लावला, तर प्रत्येक वेळी शिंगरू अबलख होण्याची शक्यता निम्मी असते, आणि सलग दोन शिंगरे साधी येणे हे चारांतून एकदा घडायचेच. यात घोडीचा कसलाही दोष नाही. पट्ट्याची प्रत द्यायची होती ती घोड्याने, आणि ती दिली की नाही हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरले. गोधडीने त्यात काही बदलणार नव्हते.

ठिपक्यांचे गणित याहून अवघड आहे. अमेरिकेचा अपालूसा आणि डेन्मार्कचा नाबस्ट्रुपर या जाती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ‘टीआरपीएम १’मधील बदलाची एक प्रत आणि ‘पॅटर्न १’ हे सहायक जनुक एकत्र आले, तर पांढऱ्या अंगावर गोल ठिपके भरपूर उठतात. त्याच बदलाच्या दोन प्रती असल्या, तर घोडा जवळजवळ पांढरा दिसतो आणि ठिपके मोजकेच राहतात. म्हणून ठिपक्यांची शिंगरे हमखास देणारा घोडा स्वतः फारसा ठिपकेदार नसतो. हा रंग माणसाने पैदा केलेला नाही. फ्रान्समधील पेश मेर्ल गुहेत सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी ठिपक्यांचे घोडे रंगवलेले आहेत, आणि २०११ मधील अभ्यासात हिमयुगातील घोड्यांच्या हाडांतही हे जनुक सापडले.

बाजारात ठिपक्यांचा घोडा म्हणून कोणी काही दाखवलेच, तर आधी ओल्या फडक्याने खुरावरची माती पुसून बघा. खुरावर उभे गडद-फिके पट्टे, नाकपुड्यांभोवती गुलाबी-काळी चितकबरी कातडी आणि डोळ्याच्या बुबुळाभोवती माणसासारखा पांढरा भाग, या खुणा बघाव्यात. पिकून पांढऱ्या झालेल्या घोड्याच्या अंगावरचे तांबूस बारीक शिंतोडेही ‘ठिपके’ म्हणून खपवले जातात. ते या जनुकाचे नव्हेत. शंका असेल तर आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस पाठवून जनुकीय तपासणी करून घेता येते. अमेरिकेत डेव्हिस येथील विद्यापीठाची प्रयोगशाळा ती करते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ठिपक्यांच्या दोन प्रती असलेला घोडा जन्मतः रातांधळा असतो, कारण तेच जनुक अंधुक प्रकाशातला संदेश डोळ्याच्या पडद्यातून पुढे पोहोचवण्यासाठी लागते. दिवसा त्याला नीट दिसते. पण आपल्याकडे वराती रात्री निघतात, आणि असा घोडा अंधारात बुजला की त्याला खोडकर ठरवून मार दिला जातो. म्हणून दोन ठिपकेदार जनावरांची जोडी मी तरी लावणार नाही.

आपली घोडी चांगल्या चालीची असेल, तर त्या व्यापाऱ्याला त्याच्या घोड्याचे आई-बाप दाखवायला सांगा. त्यांपैकी एक जरी साधा असेल, तर ‘अबलखच होईल’ या हमीचे जादा पैसे देऊ नका, आणि शिंगरू साधे आले तरी घोडी विकायला काढू नका.