घरच्या शेतीत राहायचं, पण कोण म्हणून?

प्रश्न (थोडक्यात): इंदूरजवळ राऊच्या पलीकडे, महूच्या रस्त्यापासून आत आमची बारा बिघे जमीन आहे. पावसाळ्यात सोयाबीन, मग काही भागात बटाटा, काही भागात गहू. चार गाई, दोन म्हशी, घरामागे भाजीचे वाफे. मी बारावीला आहे, जीवशास्त्र घेऊन. दादा पुण्यात नोकरीला लागला, तो परत यायचा नाही. बैल मी लहान असतानाच विकले, आता ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि गहू हार्वेस्टरने निघतो. शेजारच्या दोन शेतांत कॉलनी झाली. सगळे म्हणतात नर्सिंग कर नाहीतर बीबीए कर, शेतीत मुलगी काय करणार? मला घर आणि गुरं सोडून जावंसं वाटत नाही. हे चूक आहे का?

पत्राच्या खाली आईंची ओळ: ‘तिला जरा समजवा. लग्न झाल्यापासून मी शेणात हात घातलेत, तिनं घालू नयेत.’

उत्तर:

सप्रेम आशीर्वाद. चूक अजिबात नाही. पण ‘राहायचं आहे’ एवढ्यावर भागणार नाही. त्या घरात तू कोण म्हणून राहणार हे आधी ठरव. काय शिकायचं ते त्यावरून ठरेल.

तुझं पत्र नीट वाचलं. सोयाबीनला त्यात तीन ओळी, बटाट्याला एक, आणि अडलेल्या गायीला जवळजवळ एक पान. वासराचा पुढचा एक पाय आत दुमडलेला होता, डॉक्टर महूहून निघाले होते पण पोचले नव्हते, आणि त्यांनी फोनवर सांगितलं तसं तू कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन, कळ थांबली की वासराला मागे लोटून पाय सरळ केलास. कळ येत असताना जोर लावायचा नाही, हे तू आपणहून लिहिलं आहेस. इतक्या बारकाईने माणूस त्याच गोष्टीबद्दल लिहितं जिच्यात त्याचा जीव असतो. (एक सांगून ठेवते: पुढच्या वेळी खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नकोस. गाय विताना येणाऱ्या पाण्यातून आणि वारेतून ब्रुसेलोसिस हा गुरांचा संसर्गजन्य आजार माणसाला होतो आणि तो फार चिवट असतो. तुमच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या असताना त्याची लस दिली होती का, तेही विचार.)

म्हणून माझ्या मते तुझा पहिला पर्याय महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय. १९५५ पासूनचं जुनं कॉलेज, जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं, आणि तुझ्या घरापासून जवळ. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. प्रवेश नीटच्या (बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलं डॉक्टरकीसाठी देतात त्या परीक्षेच्या) गुणांवर होतो, त्यामुळे जी परीक्षा तू नाइलाजाने देणार होतीस तीच तुला हव्या त्या जागी नेऊ शकते. पुढे राज्य लोकसेवा आयोगातून सरकारी पशुवैद्यकाची जागा, १९६२ क्रमांकाच्या फिरत्या दवाखान्यांवरचं काम, दूध संघ, किंवा पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करून स्वतःची प्रॅक्टिस. राऊ-महू पट्ट्यात गुरं अजून बरीच आहेत, आणि रात्री बोलावलं तर येणारा डॉक्टर लोकांना हवाच असतो.

नीटची परीक्षा एकदा मनापासून दे. नाही जमलं तर त्यासाठी वर्ष घालवू नकोस. त्याच वर्षी पीएटी, म्हणजे राज्याची कृषी प्रवेश परीक्षा, देऊन ठेव. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षांची बीएस्सी ॲग्रीकल्चर घरून जाऊन-येऊन करता येईल. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, ते तुला सोपं जाईल. पदवीनंतर बँकेतला कृषी अधिकारी, ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी, बियाणं कंपन्या, सोयाबीन आणि गव्हाच्या संशोधन केंद्रांत प्रकल्पावरची कामं, असे रस्ते आहेत. ही दोन्ही केंद्रं इंदुरातच आहेत, ही आपली मोठी सोय. खासगी कॉलेजात हीच पदवी घ्यायची वेळ आली तर फी भरण्याआधी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) मान्यता बघ. मान्यता नसेल तर पुढे एमएस्सीला आणि काही नोकऱ्यांना अडतं. तिसरी वाट दोन वर्षांच्या पशुपालन पदविकेची. तिच्यावर सहायक पशुचिकित्सा क्षेत्र अधिकाऱ्याची भरती होते. तिला कमी लेखू नकोस, पण तुझे अकरावीचे गुण बघता आधी वरच्या दोन वाटा चाल.

आता ज्या गोष्टीबद्दल तू विचारलंच नाहीस, तिच्याबद्दल. तुमच्या घरची शेती कशी बदलली ते तू लिहिलंस, पण त्या बदलांनी आतून काय सुटलं ते बघ. माळवी गाय दुधाला बेताचीच, तिची खरी किंमत तिच्या बैलांमुळे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि गोठ्यातून माळवी गायही गेली. हार्वेस्टर गहू वरून कापतो आणि भुसा शेतातच टाकून जातो. भुसा करायचं मशीन वेगळं बोलावलं नाही तर लोक नरवाई, म्हणजे शेतात उरलेलं काड, पेटवतात. त्याला बंदी आहे, दंड आहे, तरी एप्रिलमध्ये रात्री महूच्या रस्त्यावर जाळ दिसतो. मग त्याच घरात गुरांसाठी भुसा विकत आणावा लागतो. पूर्वी गव्हाचा भुसा गायीला, गायीचं शेण शेताला, असं चालायचं, आता दोन्ही टोकांना पैसे मोजावे लागतात. ज्या कृषी महाविद्यालयाबद्दल वर लिहिलं, त्याच आवारात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी काम केलं आणि शेतातला पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून, ते पालटत, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. जगात ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. बारा बिघ्यांच्या घराला ती आजही परवडते, कारण लागणारं सगळं घरात आहे. कमी आहेत ते ढीग पालटणारे हात.

हातांचा विषय निघाला, म्हणून आईंना सांगायचं ते इथेच सांगते. ताई, तुमची ओळ मी मनावर घेतली आहे. पहाटे उठून वैरण, धार, शेण, मग स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा धार, आणि दुधाचे पैसे जमा होतात ते तुमच्या मालकांच्या खात्यात. तुमचा जीव शेणाने थकवला नाही. इतकी वर्षं काम करून ते कुठल्याच वहीत आलं नाही, त्याने थकवला. लेकीने तुमची जागा तशीच्या तशी घ्यावी असं मीही म्हणणार नाही. तिने राहावं ते शिकून, स्वतःच्या कमाईने, स्वतःच्या खात्यासह.

म्हणून या महिन्यापासून तुम्ही दोघी मिळून एक वही घाला. दूध किती निघालं, फॅट किती लागलं, घरात किती राहिलं (घरचं दूध आणि तूपही बाजारभावाने लिहा). भुसा, पेंड, औषधं, ट्रॅक्टरचं भाडं, हार्वेस्टर, बटाट्याचं बियाणं. आणि आईंचे तास, गावातल्या मजुरीच्या दराने. सोयाबीनचा खर्चही त्यातच येऊ दे. २०२४ च्या खरिपात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मंडीत भाव त्याच्या खाली फिरत होते, तेव्हा तुमच्या घरी काय उरलं ते वडिलांना विचारून लिही. माझा अंदाज असा की सोयाबीन-गव्हावर या जमिनीतून दुसऱ्या कमावत्या माणसाचा पगार निघणार नाही. दूध, खत आणि भाजी यांचा नीट हिशेब लागला तर थोडा हातभार लागेल, आणि बाकीचं तुझ्या पदवीतून यायला हवं. वही याहून वेगळं सांगेल तर वहीचं खरं मान.

‘लग्न झाल्यावर काय?’ हे तुला सगळे विचारणार. पशुवैद्यकाची पदवी ज्या गावी जाशील तिथे चालते. कृषी किंवा पशुवैद्यक पदवीधरांसाठी अ‍ॅग्री-क्लिनिक योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं, पुढे कर्ज घेतलं तर स्त्रियांना ४४ टक्के अनुदान. आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. यावरून आज घरात वाद घालू नकोस, पण हे माहीत नाही असंही वागू नकोस. दलाल कॉलनीसाठी बयाणा घेऊन येतील तेव्हा वडिलांनी सही करण्याआधी तू, आई आणि पुण्याचा दादा, तिघांना बसवून बोलावं, एवढी विनंती त्यांना आत्ताच करून ठेव.

आईंसाठी एक काम. खंडवा रोडवर कस्तुरबाग्रामला कृषी विज्ञान केंद्र आहे. दोघी मिळून जा आणि गाईंचा चारा आणि खताचे थर याबद्दल विचारून या. वहीचं पहिल्या महिन्याचं पान मला पाठव, फॅटच्या आकड्यांसकट. नीटचा अर्ज भरताना काही अडलं तर त्याच पत्रात लिही.