‘मशीन लावलं, पण बोलणं कळंना’

निपाणी असो की खानापूर, कानाचं मशीन नवीन घेतलेली माणसं माझ्याकडे ऐकण्याच्या सरावाला येतात, ती एकच तक्रार घेऊन. “आवाज येतोय मॅडम, पण बोलणं कळंना.” मागोमाग घरच्यांचा प्रश्न असतोच: पैसे पाण्यात गेले काय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत हयात घालवलेले एक काका (ओळख बदलली आहे) आले, तेव्हा मशीन रुमालात गुंडाळून खिशात होतं.

“लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतोय. बसमधल्या कंडक्टरचं कन्नड तर एक अक्षर कळंना. ह्या वयात डोकं काय शिकणार?”

“फौंड्रीत नुसत्या आवाजावरनं मशीन बिघडलेलं कळायचं की तुम्हाला. पहिल्या दिवसापासनं?”

“छे! चार-सहा महिने तरी गेले असतील.”

“मग इथं चार दिवसांत कसं कळेल?”

काका हसले. माझ्या मते अर्धं काम तिथंच झालं.

दणदणाटानं आणि वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात, स्वर मात्र टिकतात. म्हणून ‘साठ’चं ‘आठ’ होतं. मेंदू मग ओठ बघून आणि अंदाजानं गाळलेल्या जागा भरतो. मायबोलीत ते जमतं, मागाहून शिकलेल्या भाषेत तेवढं नाही. वर्षानुवर्षं आवाज कमी मिळाला, की मिळेल तेवढा आवाज मेंदू मोठा करून घेतो. अशात मशीन लावलं, की कुकरची शिट्टीसुद्धा अंगावर येते. हे अंगवळणी पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, तेही मशीन दिवसभर कानात असेल तरच. फक्त पाहुणे आले की लावणाऱ्यांचा मेंदू दर वेळी नव्यानंच दचकतो.

कानाची अडचण एकट्याची नसते, हे मी पहिल्यापासून धरून चाललेय. म्हणून सुनेला बोलावलं. तिला सांगितलं: ओरडू नका, ओरडण्यानं अक्षरं आणखी बिघडतात. आधी हाक मारा, उजेडात समोर बसा, सावकाश बोला. आणि “जाऊ दे, काही नाही” हे वाक्य घरातनं हद्दपार करा. माणूस घरातल्या घरात एकटा पडतो तो ह्याच वाक्यानं.

रोज सकाळी तिनं पेपर मोठ्यानं वाचायचा, काकांनी दुसऱ्या प्रतीत ओळीवर बोट ठेवायचं, असं ठरलं. सुरुवातीला त्यांचं बोट मागेच राहायचं. मग एक दिवस ती हसतच सांगत आली. घाईत तिची एक ओळ सुटली, तर मामंजी गरजले, “ए, मधली ओळ खाल्लीस!” त्यानंतर प्रत बंद, नुसतं ऐकणं. पुढं रेडिओ चालू ठेवून वाचन.

कंडक्टरला हल्ली ते बेधडक “इन्नोम्मे हेळ्री” म्हणतात आणि पुन्हा सांगायला लावतात. मला ह्याचंच जास्त कौतुक.

आवाज टोचतच राहिला, तर मशीन कपाटात टाकू नका. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, सेटिंग बदलून घ्या. एकदा-दोनदा जावं लागतंच. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर सरावबिराव बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.